फुलाचा फ

“नाव सांगाया लागली तर ठिवतो, बाई. न्हाय तर दसरा झाला की घिऊन जातो.”

बिरू वाघमोडे वर्गाच्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता. आत या म्हटलं तरी येईना. काठी बाहेर भिंतीला टेकवलेली, पटका काढून मांडीवर ठेवलेला आणि नजर मुलीवर. मुलगी म्हणजे फुला, आठ वर्षांची. ती माझ्या टेबलाखाली शिरून खडूचे तुकडे वेचत होती. बाप काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच तिला काही ऐकू येत नव्हतं.

मी गालाला हात लावून उभी होते. वरचा पुढचा दात दोन दिवस ठणकत होता आणि मला खरं तर कुणाशीच बोलायचं नव्हतं.

“अहो, दुसरंच वर्ष आहे तिचं. एवढ्यात कुठं बोलतात मुलं?”

“समदं कुठं बोल म्हंतोय मी? नाव तेवढं सांगू द्या. चैत्रात जत्रंत हरवली, तवा दोन दिस गावली न्हाय. मानसं नाव इचारत्यात, ही नुसती त्येंच्या तोंडाकडं बगत बसतीया. आता मेंढरं घिऊन किष्णाकाठाला उतरायचं. तिकडं हरवली म्हंजी? हिच्या आज्जीचं म्हननं, हातावर नाव गोंदू आन् संगं न्हिऊ. गोंदलं की शाळंचं कामच न्हाय.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. गोंदलेलं नाव विसरायला होत नाही. अठरा वर्षं घसा फोडून मी जे करत होते, ते गोंदणारीण अर्ध्या तासात करून देणार होती.

“वाघमोडे, तुम्हाला वाचता येतं?”

त्यानं जरा विचार केला. “न्हाय.”

“मग गोंदून काय उपयोग? तुमच्या लेकीचं नाव तुम्हालाच वाचता यायचं नाही.”

तो पहिल्यांदाच हसला. “म्हून तर म्हंतो, बोलाया शिकवा. दसऱ्याच्या आदल्या बेस्तरवारी येतो. माझ्या कानानं ऐकीन आन् मग काय ते ठरवीन.”

तो गेला. फुलानं गोळा केलेले खडू माझ्या हातात दिले आणि बापाच्या पाठीकडे बघत राहिली. जाताना त्यानं तिला हाक मारली नव्हती. मारून उपयोग नव्हता म्हणून नसेल, पण मला वाईट वाटलं.

माणदेशातल्या त्या तालुक्याच्या गावी आमची निवासी शाळा होती. तेव्हा तिला मूकबधिर विद्यालय म्हणत. माझ्या वर्गात आठ मुलं. आमच्या शाळेचा नेम असा की मुलांना खुणा करू द्यायच्या नाहीत, तोंडानंच बोलायला लावायचं. मुलं नेम पाळत वर्गापुरता. वसतिगृहात गेली की त्यांचे हात सुटत. प्रत्येक मास्तराला त्यांनी एकेक खूण बहाल केली होती. हेडमास्तरांची डोक्यावरून तळवा फिरवून, पीटीच्या सरांची शिट्टी वाजवून. माझी खूण म्हणजे वरच्या ओठावर बोट ठेवायचं आणि डावीकडे ओढायचं. तुटका दात दाखवतात मेले, असं मी धरून चालले होते. रागवायचा कंटाळा येई.

दात तुटला त्याला बारा वर्षं झाली होती. शाळेच्या हापशाचा दांडा उसळून तोंडावर आला आणि पुढच्या दाताचा निम्मा तुकडा पडला. तेव्हा माझी मुलगी अनघा लहान, तिचे बाबा नुकतेच गेलेले. दाताचं बघू पुढं, असं म्हटलं आणि ते पुढं कधी आलंच नाही. हसताना पदर तोंडाशी न्यायची सवय लागली. वर्गात मात्र तोंड झाकायची सोय नाही. बहिऱ्या मुलांना शिकवणारीनं तोंड झाकलं म्हणजे फळ्यावर पडदा ओढल्यासारखंच झालं. तेव्हा उघड्या तोंडानं बोलत राहिले आणि दाताचा विचार सोडून दिला.

फ शिकवायचा कसा, तर कागदाची पट्टी घ्यायची. तोंडासमोर धरायची. आपण फ म्हणायचा, पट्टी फडफडते ती मुलाला दाखवायची. मग पट्टी त्याच्या तोंडासमोर. भिंतीवरच्या आरशात दोघांनी शेजारी बसून बघायचं. फुलाची पट्टी हलता हलेना. कधी ती नुसतीच फुंकर मारी, कधी ओठ मिटून प करी. मी सकाळी शिकवी, दुपारी शिकवी, संध्याकाळी जेवणाच्या घंटेआधी पुन्हा शिकवी. रोज रात्री खोलीवर गेले की माझे गाल दुखत, आणि तो दात ठणके तो वेगळाच. स्वतःचं नाव माझ्या तोंडून शंभर वेळा बघून झाल्यावर ती पोर कंटाळून माझ्या मांडीवर डोकं टेकी. मलाही कुणाच्या तरी मांडीवर टेकावंसं वाटे.

आणि एका शनिवारी, सगळी मुलं खेळायला गेल्यावर, पट्टी हलली. डावा कोपरा फडफडला.

“फु-आ,” फुला म्हणाली.

आवाज घोगरा, ल तर हवेतच विरलेला, पण फ पक्का होता. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा डावा कोपरा हलला. सातव्या खेपेला ल पण आला. मी रडले, खोटं कशाला सांगू. फुलानं माझे डोळे पुसले आणि पट्टी आपल्या परकराच्या खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी मी सांगलीची एसटी धरली. गाल टमटमीत सुजला होता. अनघा सांगलीला नोकरीला होती, खोली घेऊन राहायची. तिचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीनंतर साखरपुडा होता. माझ्या दाताचा विषय तिनं गेलं वर्षभर लावून धरला होता.

“सूज आली म्हणून तरी आलीस,” ती म्हणाली. “माझ्यासाठी आली नसतीस.”

“आले ना आता. भांडू नकोस, दुखतंय.”

डॉक्टर अंकलीकर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं दाताची नस काढली. सूज उतरेपर्यंत मला दोन खेपा कराव्या लागल्या. शेवटच्या खेपेला, रविवारी, तिनं उरलेला दात चहूबाजूंनी घासून बारीक केला, गुलाबी लगदा तोंडात कोंबून माप घेतलं आणि रंगांच्या दातांची एक फणी माझ्या ओठांपाशी धरून अनघाला विचारलं, “यातला कुठला जुळतो?”

“जरा पांढरा घ्या,” अनघा म्हणाली.

“शेजारच्या दातांना चहाचा रंग आहे. फार पांढरा घेतला तर उठून दिसेल. कॅप आहे हे कुणाच्या लक्षात येता कामा नये.” डॉक्टरनं माझ्याकडे वळून सांगितलं, “पक्की कॅप पंधरा दिवसांनी येईल, बाई. तोवर ही तात्पुरती बसवते. कच्च्या चिकटवणीवर आहे, पुढच्या दातांनी काही तोडू नका.”

आरसा हातात दिला. मी बघितलं. बारा वर्षांपूर्वीची बाई समोर बसली होती, फक्त केस पिकलेले.

“आता ते तोंड वाकडं करणं बंद कर,” अनघा म्हणाली.

“मी कधी वाकडं करते?”

“बोलताना ओठ खाली ओढून घेतेस. दात झाकायला. गेली किती वर्षं बघतेय मी. आता झाकायला आहे काय?”

मला माहीतच नव्हतं. तिनं त्या संध्याकाळी मला समोर बसवून घेतलं आणि फोटो म्हण, फराळ म्हण, विहीण म्हण, असं चालवलं. ओठ गेला की ती चापट मारी. माझ्याच लेकीनं मला माझ्याच पद्धतीनं शिकवलं. हसून हसून आमची पुरेवाट झाली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी अशा हसलो होतो. शेवटी माझा ओठ सरळ राहायला लागला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

सोमवारी सरळ ओठांनी वर्गात गेले.

हजेरीला मी नेहमीसारखं एकेकाचं नाव म्हटलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली. कुणी हात वर करीना. मी ‘फळा’ म्हटलं, दोघांनी पाटीवर ‘पळा’ लिहिलं. दात नवा दिसतोय म्हणून पोरं भांबावली असतील, होतील दोन दिवसांत ठीक, असं मी मनाशी म्हटलं. फुलाला जवळ घेतलं, पट्टी धरली.

“फुला.”

तिनं माझं तोंड नीट न्याहाळलं. मग माझ्यासारखं करायला गेली आणि नुसतीच हवा सुटली. पट्टी हललीच नाही. पुन्हा केलं, पुन्हा हवा. दुपारपर्यंत तिचा फ तर गेलाच, पण ती तोंडच उघडेना. मंगळवारीही तेच. बुधवारी ती वर्गात यायला तयार नव्हती, पलंगाचा पाय धरून बसली. मी तिला ओढून आणली. हाताला धरून ओढून आणली, कारण दुसऱ्या दिवशी तिचा बाप यायचा होता. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि अंगात त्राण नव्हतं.

गुरुवारी सकाळीच बिरू वाघमोडे आला. या खेपेला आत आला. पटका बांधलेला, सदरा धुतलेला. लेकीचं नाव ऐकायला माणूस नटून आला होता. त्याच्या हातात फुलासाठी नव्या बांगड्या होत्या.

“व्हय बाई, म्हनती का?”

“शनिवारपर्यंत म्हणत होती,” मी सांगितलं. “खोटं नाही सांगत. या सोमवारपासून काय झालंय कळत नाही.”

“बगू तर.”

आरशासमोर मी आणि फुला बसलो. बिरू मागं उभा राहिला. मी पट्टी धरली. “फुला,” मी म्हटलं. ती बघत राहिली. “फुला.” तिचे ओठ थरथरले, पण आवाज नाही. बापाकडे वळून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाचव्यांदा म्हणायला गेले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग वर्गात करायची बंदी असलेली गोष्ट तिनं केली. बोट आपल्या वरच्या ओठावर ठेवलं, डावीकडे ओढलं, आणि दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढे धरले.

“काय म्हनती?” बिरूनं विचारलं.

“म्हणते...” मला सांगताना कसंतरी झालं. “म्हणते, बाई कुठं गेल्या?”

“तुमी तर हितंच हाय.”

मी आरशात बघितलं. फुलाचं बोट अजून तिच्या ओठावर होतं. वरचा ओठ डावीकडे ओढलेला, खाली ताणलेला. तिच्या शेजारी माझं तोंड, सरळ, नीटनेटकं. आणि मग मला माझ्या वर्गातली आठही तोंडं आठवली. गेल्या वर्षी पास होऊन गेलेली आठवली. त्याआधीची. सगळी बोलताना डावीकडे ओठ ओढायची. पाहुणे आले की विचारत, मुलांची तोंडं अशी का होतात? मी सांगत असे, बहिऱ्या मुलांचं असंच असतं, त्यांना स्नायूंवर ताबा राहत नाही. बारा वर्षं सांगत होते. कागदाचा डावाच कोपरा का हलतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. ती खूण दाताची नव्हती. तुटका दात त्यांनी कधी बघितलाच नव्हता, इतकी मी तो बेमालूम झाकत होते. त्यांनी बघितलं होतं ते झाकणं. तेच त्यांच्या लेखी बोलणं होतं.

मी ओठ डावीकडे ओढला आणि म्हटलं, “फुला.” फुलानं मान हलवली. मुद्दाम ओढलेला ओठ तिला कळत होता. मी पुन्हा ओढला, जास्तच वाकडा झाला. मी वेडावून दाखवतेय असं वाटून बिरूनं खाली बघितलं.

“जाऊ द्या बाई,” तो हळूच म्हणाला. “तुमी लय केलं तिच्यासाटी. जीवाला नका लावून घिऊ.” आणि बांगड्या काढून तो तिच्या हातात भरायला लागला. मनगटाच्या वरची मोकळी जागा त्यानं अंगठ्यानं चोळली. नाव तिथं येणार होतं.

“थांबा,” मी म्हटलं.

मी भिंतीकडे तोंड केलं, अंगठ्याचं नख कॅपच्या कडेला घातलं आणि जोर लावला. कच्च्या चिकटवणीची ती, टचकन हातात आली. दुखलं नाही, नस आधीच काढलेली होती. जिभेला तो घासून बारीक केलेला खुंट लागला. तुटका दात परवडला असता, असा. मी वळले. समोर परका माणूस उभा. माझा ओठ आपला आपण खाली आला, डावीकडे गेला. मला काही करावंच लागलं नाही. लाजेनं चेहरा तापला होता.

“फुला,” मी म्हटलं.

तिनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, हरवलेलं माणूस भेटल्यासारख्या. खिशातून आपली पट्टी काढली, तोंडासमोर धरली, वरचा ओठ डावीकडे ओढला.

“फुला.”

डावा कोपरा फडफडला. बिरू वाघमोडे जागचा हलला नाही.

“आनिक येकदा म्हनाया सांगा.”

“फुला,” ती म्हणाली. “फुला. फुला.” आता थांबायलाच तयार नव्हती.

त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग त्यानं जे विचारलं, ते माझ्या हेडमास्तरांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. “पर बाई, तुमी संगं नसताना कसं? सुटीला घरी आली, आन् हिला मी इचारलं, तर सांगंल का?”

“तुम्हाला माझ्यासारखं बोलावं लागेल.”

“म्हंजी कसं?”

मी कॅप मुठीत धरून त्याला शिकवलं. आठ मुलांत नववा. तंबाखूनं लाल झालेले त्याचे दात एकूणएक मजबूत होते, ओठ कशाला ओढायचा हे त्याला कळेना. फुलानंच त्याच्या मिशीवर बोट ठेवून ओठ डावीकडे नेला. “फुला,” तो म्हणाला. लेकीनं त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून उत्तर दिलं, “फुला.” जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तिला हाक मारली होती आणि तिनं ओ दिली होती.

जाताना तो एवढंच म्हणाला, “गोंदायचं ऱ्हाऊ दे म्हनतो आता.” फुला शाळेत राहिली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे गेले, तर ती रागावली. तात्पुरती कॅप पदराच्या गाठीत बांधून आणली होती. “काही तोडू नका म्हटलं होतं ना, बाई? काय खाल्लंत?” मी म्हटलं, चिक्की. तिनं पक्की कॅप बसवली. सुरेख बसली. कुणाच्या लक्षात यायचं नाही, असंच ती म्हणाली होती आणि तसंच झालं.

पण मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आरशासमोर बसून ओठ ओढायचा सराव करू लागले. मुलांना सरळ ओठानं नव्यानं शिकवायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. एकेक अक्षर त्यांनी किती कष्टानं मिळवलं होतं ते मी बघितलं होतं. ते काढून घेऊन दुसरं द्यायचं माझ्यात बळ नव्हतं. आठवड्याभरात ओठ पुन्हा आपसूक जायला लागला. साखरपुड्यात नवाकोरा दात होता आणि वाकडं तोंड होतं. फोटो आले तेव्हा अनघा रडली. “तुला माझ्यासाठी एक दिवससुद्धा सरळ राहता आलं नाही,” म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तो फोटो तिनं कधी भिंतीवर लावला नाही. ते मला लागलं, अजून लागतं.

आता मी निवृत्त होऊन अनघाकडेच असते. ओठ काही सरळ झाला नाही. गेल्या मार्गशीर्षात दारात एक बाई उभी राहिली. अनघानं दार उघडलं, ओळख पटेना. त्या बाईनं ओठावर बोट ठेवून डावीकडे ओढलं, आणि अनघानं आतल्या खोलीकडे वळून मला हाक मारली, “आई, तुझं कुणीतरी आलंय.”

फुला होती. अंगानं भरली होती, हातात कोपरापर्यंत बांगड्या, बाकी हात कोरा. बरोबर चार वर्षांची पोर. नातीला चांगलं ऐकू येतं, असं बिरूनं मुद्दाम चिठ्ठीत लिहवून पाठवलं होतं. त्या भरवशावर मी पोरीला जवळ बोलावलं. खरंच ऐकू येत होतं तिला, स्वयंपाकघरात भांडं पडलं तर तिनं वळून पाहिलं. दात दुधाचे, सगळे शाबूत, झाकण्यासारखं काही नाही.

“काय गं,” मी विचारलं, “तुझ्या आईचं नाव काय?”

पोरीनं आईकडे बघितलं. मग वरचा ओठ डावीकडे ओढला, खाली ताणला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “फुला.”

अनघा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून त्या पोरीला म्हणाली, “पुन्हा म्हण बरं.”